तांब्यांतलीं उलटीं अक्षरें

अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना माझें म्हणणें चटकन् उमजेल. सुमारें चाळीस फूट लांबीचें तें वस्त्र, आणि त्यावर पंचीकरणाचा गहन विषय मांडून लिहिलेला. तें पाहतांना आनंदाबरोबर मनांत धास्तीहि येते, कारण अशी वस्तु एकच. तिला कसर लागली कीं ग्रंथ गेला. आपल्या पूर्वजांची बहुतेक विद्या अशीच मोजक्या हस्तलिखित प्रतींच्या आयुष्यावर तरलेली होती.

वास्तविक अनेक प्रती काढण्याचें साहित्य आपल्याजवळ होतें. राष्ट्रकूटांचीं दानपत्रें तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेलीं आहेत. पुढें दौलताबादेजवळ कागजीपुऱ्यांत कागदहि होऊं लागला. मग कोरलेल्या पत्र्यावर शाई चोळून वर कागद दाबावा, हें इतक्या काळांत कोणाच्या मनांत कां आलें नाहीं? अक्षरें उलटीं कोरावीं लागतात, ही अडचण सांगण्यांत येते. मला ती पटत नाहीं. मुद्रा कोरणारा कारागीर उलटें कोरण्यांत तरबेजच होता. (वर्गांत एखादें मूल अक्षर उलटें काढतें तेव्हां आम्ही त्याला छडी दाखवितों, त्या पेठेंत त्याचें पोट भरलें असतें!) खरें कारण हेतूंत आहे. ताम्रपट करीत तो चिरकाल टिकावा म्हणून आणि मूळचा एकच राहावा म्हणून. बनावट ताम्रपटहि पुष्कळ निघालेले आहेत. अशा स्थितींत त्याची दुसरी प्रत काढणें म्हणजे भांडणाला निमंत्रणच.

ताम्रमुद्रणाची रीत अशी. तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा करावयाचा आणि धारदार कोरणीनें त्यांत रेघा काढावयाच्या. दुसरा मार्ग तेजाबाचा: पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईनें चित्र ओरखडावयाचें व पत्रा तेजाबांत ठेवावयाचा, म्हणजे जेथें मेण गेलें तेथेंच तांबें खाल्लें जातें. राळेची बारीक पूड पत्र्यावर तापवून चिकटविली तर कणाकणांमधून तेजाब उतरतें आणि छाया-प्रकाशाच्या छटा मिळतात. नंतर खाचांतून दाट शाई भरून पत्र्याचा माथा कापडानें व शेवटीं तळहातानें पुसून काढावयाचा. हें पुसणेंच अवघड. थोडें जास्त झालें तर खाचेंतली शाईहि जाते, कमी झालें तर चित्र मळतें. मग ओलसर कागद, त्यावर लोकरीचें कापड, आणि दोन रुळांमधून भारी दाब. कागद खाचेंत शिरतो आणि शाई उचलून घेतो.

आतां पुण्याकडे वळूं. इंग्रजांचा वकील चार्लस मॅलेट याच्या पुढाकारानें जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पेशव्यांच्या दरबारीं आला. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें त्यानें काढलेलें चित्र प्रसिद्धच आहे. त्याच्या हाताखालीं गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार काम करीत असे. मार्च १७९५ मध्यें आमच्या जिल्ह्याच्या वेशीलगत खर्ड्यावर मराठ्यांचा जय झाला, आणि त्याच वर्षीं सवाई माधवराव व वेल्स दोघेहि गेले. वेल्सनें काढलेलीं वेरुळच्या लेण्यांचीं चित्रें थॉमस डॅनियलच्या देखरेखीखालीं तांब्यावर उतरलीं आणि १८०३ सालीं लंडनमध्यें चोवीस दृश्यांचा संग्रह निघाला. लेणीं मराठवाड्यांतलीं, पण छाप उमटला तो थेम्स नदीच्या कांठीं.

इकडे नानांच्या मनांत भगवद्गीता छापावयाची होती, आणि त्यासाठीं एका तांबटाला देवनागरी अक्षरें कोरण्याची तालीम मिळाली होती. १८०० सालीं नाना वारले व काम अर्धवट राहिलें. तो कारागीर मिरजेस गेला. तेथील गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांनीं त्याला आश्रय दिला, आणि १८०५ सालीं कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापून निघाली. तो गंगारामच असावा असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु तांबट हें धंद्याचें नांव, तेवढ्यावरून माणूस ठरत नाहीं. ज्याच्या हातून इतकें मोठें काम झालें, त्याच्या नांवाचा असा घोळ राहावा याचें मात्र वाईट वाटतें.

ती वाट पुढें रुळली नाहीं. पृष्ठामागून पृष्ठ कोरणें फार खर्चाचें होतें. मुंबईंत शिळाप्रेस आला. त्यांत दगडावर नुसतें लिहिलें कीं भागतें. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं पंचांग छापलें तें शिळाप्रेसवरच. त्यानंतर खिळ्यांचे छापखाने वाढले, आणि ग्रंथ छापण्याचें काम तांब्याकडे फारसें राहिलेंच नाहीं.

खाचेंतून छापण्याची कला मात्र नाशिकला टिकली. तेथें १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जाऊं लागल्या. दुसऱ्याला हुबेहूब नक्कल करतां येऊं नये, यासाठीं ही रीत फार उपयोगी पडते. ताम्रपटाच्या धन्याची चिंताहि तीच होती. शंभर रुपयांची किंवा त्याहून मोठी कोरी नोट हातीं आली, तर महात्मा गांधींच्या चित्रावरून अंगठा हळूच फिरवून पाहा. जो किंचित् खरखरीतपणा लागतो, ती खाचेंतून वर आलेली शाई.