शिक्षकांचे शैक्षणिक तंत्रज्ञान प्रशिक्षण

संगणक, प्रक्षेपक, स्मार्टफोन, इंटरनेट इत्यादी साधनांचा वर्गातील अध्यापनात विषयाच्या गरजेनुसार उपयोग करता यावा, यासाठी शिक्षकांना दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणास शैक्षणिक तंत्रज्ञान प्रशिक्षण असे म्हणतात. ते सेवापूर्व (डी.एल.एड., बी.एड.) आणि सेवांतर्गत अशा दोन टप्प्यांवर दिले जाते. संगणक साक्षरता आणि हे प्रशिक्षण या दोन भिन्न बाबी आहेत. संगणक साक्षरतेत यंत्र कसे चालवावे हे शिकवले जाते. या प्रशिक्षणात मात्र कोणता घटक, कोणत्या वयाच्या मुलांना, कोणत्या साधनाच्या साहाय्याने शिकवावा आणि साधन केव्हा बाजूला ठेवावे, याचा निर्णय घेण्याची क्षमता शिक्षकात निर्माण करणे अपेक्षित असते.

संकल्पना

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये असे प्रतिपादन केले, की विषयाचे ज्ञान आणि अध्यापनशास्त्राचे ज्ञान स्वतंत्रपणे असणे शिक्षकाला पुरेसे नाही. विशिष्ट विषय विद्यार्थ्यांना समजेल अशा रीतीने मांडण्याचे ज्ञान हे शिक्षकाचे वेगळे ज्ञान असते. पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये या विचारात तंत्रज्ञानाची भर घातली. विषय, अध्यापन व तंत्रज्ञान या तीन ज्ञानांच्या मिलाफावर आधारलेली त्यांची चौकट ‘टीपॅक’ या नावाने ओळखली जाते.

या चौकटीचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होतो. त्रिकोणाच्या तीन कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते, हे विधान पडद्यावर दाखवले तर प्रक्षेपक केवळ फळ्याची जागा घेतो. ‘जिओजेब्रा’ या संगणकप्रणालीत विद्यार्थ्याला त्रिकोणाचा शिरोबिंदू हवा तसा सरकवू दिला, तर तिन्ही कोन बदलत असूनही बेरीज बदलत नाही, हे तो स्वतः पाहतो व त्यामागील कारण विचारू लागतो. तेथून सिद्धतेकडे कसे वळावे, हे मात्र शिक्षकालाच ठरवावे लागते. याउलट, लीटर व मिलिलीटर यांचा संबंध शिकवताना मापाने पाणी मोजण्याचा प्रत्यक्ष अनुभव चित्रफितीपेक्षा अधिक उपयुक्त ठरतो.

युनेस्कोने शिक्षकांच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानविषयक क्षमतांची चौकट २००८ मध्ये तयार केली. तिच्या सुधारित आवृत्त्या २०११ व २०१८ मध्ये निघाल्या. तिसऱ्या आवृत्तीत ज्ञानसंपादन, ज्ञानाचे सखोलीकरण व ज्ञाननिर्मिती अशा तीन पातळ्यांवर एकूण १८ क्षमता सांगितल्या आहेत.

भारतातील वाटचाल

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झालेल्या ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत कार्यक्रम पोहोचवण्यात आले. या प्रयोगात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षणही देण्यात आले. १९८४ मध्ये केंद्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. त्याच सुमारास सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांना संगणक मिळाले. २००४ मध्ये शैक्षणिक सेवेसाठीचा ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडण्यात आला आणि त्याच वर्षी ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल्स’ ही केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड. अभ्यासक्रमात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या चिकित्सक आकलनाचा समावेश करण्यात आला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय डिजिटल व्यासपीठ सुरू झाले. २०१९ मध्ये आरंभलेल्या ‘निष्ठा’ या कार्यक्रमात प्रारंभिक स्तरावरील सुमारे ४२ लाख शिक्षक व शाळाप्रमुखांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट होते. कोविड-१९ च्या काळात हे प्रशिक्षण ‘दीक्षा’वरून ऑनलाइन देण्यात आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास पूर्ण करणे अपेक्षित आहे.

राज्यांमध्ये केरळचा अनुभव विशेष उल्लेखनीय मानला जातो. तेथे २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला व २०१७ मध्ये त्याचे ‘काइट’ या संस्थेत रूपांतर झाले. मुक्त संगणकप्रणालींचा वापर आणि शाळांतील शिक्षकांमधूनच निवडलेले प्रशिक्षक ही त्याची दोन वैशिष्ट्ये होत.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात पुणे येथील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) यांच्याद्वारे सेवांतर्गत प्रशिक्षण दिले जाते. केंद्र पातळीवरील शिक्षण परिषदेत शिक्षक एकत्र येऊन अध्यापनातील अनुभवांची देवाणघेवाण करतात. अनेक शिक्षकांनी एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम पूर्ण केला असला, तरी त्याचे स्वरूप संगणक साक्षरतेचे आहे. विषयाध्यापनाशी त्याचा थेट संबंध नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देऊन ध्वनिफिती व चित्रफिती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवल्या. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार त्यांना मिळाला. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड छापले जाऊ लागले.

प्रशिक्षणाच्या पद्धती

सर्वाधिक रूढ पद्धत टप्प्याटप्प्याने खाली उतरणारी आहे. राज्यस्तरावर तयार झालेले साधनव्यक्ती जिल्ह्यातील, ते तालुक्यातील व तेथील सुलभक केंद्रातील शिक्षकांना प्रशिक्षण देतात. थोड्या वेळात अनेकांपर्यंत पोहोचता येणे हा तिचा गुण होय. तथापि प्रत्येक टप्प्यावर आशयाची गळती होते आणि प्रात्यक्षिकाची जागा व्याख्यान घेते, असा आक्षेप तिच्यावर घेतला जातो.

दुसऱ्या पद्धतीत शिक्षक आपल्याच विषयातील एका घटकाचे पाठनियोजन करतो, तो पाठ वर्गात घेतो, सहकारी त्याचे निरीक्षण करतात आणि चर्चेनंतर पाठात सुधारणा केली जाते. ही पद्धत वेळखाऊ असली, तरी प्रशिक्षणाचा परिणाम वर्गापर्यंत पोहोचण्याची शक्यता तिच्यात अधिक असते. ऑनलाइन अभ्यासक्रमांत सवडीनुसार शिकता येते. परंतु केवळ प्रमाणपत्रासाठी चित्रफिती पुढे ढकलण्याचा धोकाही त्यांत संभवतो.

मर्यादा व टीका

पेरू देशात ग्रामीण शाळांतील विद्यार्थ्यांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप देण्यात आले. ३१९ शाळांच्या अभ्यासावर आधारित २०१२ च्या अहवालात गणित व भाषा या विषयांतील संपादणुकीत वाढ झाल्याचे आढळले नाही. साधने पुरवल्याने अध्यापनाची रीत आपोआप बदलत नाही, या मताच्या पुष्ट्यर्थ हे उदाहरण दिले जाते. अमेरिकन अभ्यासक लॅरी क्युबन यांनी १९८६ मधील ‘टीचर्स अँड मशीन्स’ या ग्रंथात चित्रपट, रेडिओ व दूरचित्रवाणी यांच्याबाबतीतही अपेक्षा मोठ्या आणि वर्गातील वापर तुटपुंजा राहिल्याचे दाखवले होते.

वीजपुरवठ्यातील खंड, इंटरनेटची मंद गती, नादुरुस्त उपकरणे, एकाच शिक्षकाकडे असलेले अनेक वर्ग आणि अध्यापनेतर कामे यांमुळे प्रशिक्षित शिक्षकालाही मिळवलेले कौशल्य वापरता येत नाही. उपस्थितीची नोंद व वाटलेली प्रमाणपत्रे यांवरून प्रशिक्षणाचे यश मोजले गेल्यास हा प्रश्न झाकला जातो. म्हणून प्रशिक्षणानंतर काही महिन्यांनी प्रत्यक्ष पाठाचे निरीक्षण करणे आणि विद्यार्थ्यांच्या आकलनात काय फरक पडला हे तपासणे, हे मूल्यमापनाचे अधिक विश्वसनीय निकष ठरतात.