कॉफीचा रंग कोण ठरवतं?

जायफळ किसून घातलेल्या, दुधात उकळलेल्या कॉफीवर तुमची जीभ वाढली आहे. तीच जीभ घेऊन १६७५ च्या डिसेंबरात लंडनला या.

रॉयल एक्स्चेंजसमोरच्या एक्स्चेंज ॲलीत शिरा. नऊ वर्षांपूर्वी हा सारा भाग आगीत खाक झाला होता. आताची घरं नव्या विटांची आहेत. कॉफीघराचं दार ढकललंत की तंबाखूचा धूर डोळ्यांत जातो. गल्ल्यावरच्या बाईला एक पेनी द्या. गिऱ्हाइकांत मात्र बाई दिसायची नाही. पुरुष कोणत्याही थरातला असो, त्याला मज्जाव नाही. लांबलचक टेबलावर जागा मिळेल तिथे बसायचं. तुमच्या एका बाजूला जहाजाचा कप्तान, दुसऱ्या बाजूला दलाल, समोर ‘लंडन गॅझेट’ मोठ्याने वाचणारा कारकून. शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकची याच बोळातल्या गॅरवेज कॉफीघरात नेहमीची ये-जा आहे.

पोऱ्या उथळ, बिनकानाच्या वाटीत कॉफी ओततो. काळीकुट्ट, वाफाळती. घोट घ्या. जळकट, तुरट, आणि तळाशी गाळ. तुमची नजर दूध शोधते. दूध टेबलावर नाही, आणि कुणाचं त्यावाचून अडतही नाही. पास्का रोझेने १६५२ मध्ये इथून जवळच, सेंट मायकेल्स ॲलीत, लंडनचं पहिलं कॉफीघर काढलं. तो एका इंग्रज व्यापाऱ्याबरोबर स्मर्नाहून आला होता आणि येताना काळी कॉफी पिण्याची तुर्की रीत घेऊन आला.

पण हा जळकटपणा तुर्की नव्हे. त्या कोपऱ्यातलं पिंप बघा. सध्या इंग्लंडमध्ये कर बसतो तो तयार पेयावर. १६६० च्या कायद्याने गॅलनमागे चार पेन्स लावले. अधिकाऱ्याला मोजमाप घेता यावं म्हणून कॉफी आधीच उकळून पिंपात भरून ठेवतात, आणि गिऱ्हाईक आलं की त्यातलीच पुन्हा तापवून देतात. तुमच्या जिभेला आत्ता जे लागतंय, त्यात बियांइतकाच करवसुलीचा वाटा आहे.

आणि तरीही खोली भरलेली आहे. २९ डिसेंबरला राजा दुसरा चार्ल्स फर्मान काढतो: १० जानेवारीपासून कॉफीघरं बंद. इथे बसून लोक सरकारविरुद्ध खोटंनाटं पसरवतात, असा आरोप. शहरात इतकी ओरड होते की ८ जानेवारीला, अंमल सुरू होण्याआधीच, राजाला माघार घ्यावी लागते. शिळ्या, पुन्हा तापवलेल्या काढ्यासाठी कुणी राजाशी भांडत नाही. लोक भांडले ते एका पेनीत मिळणाऱ्या त्या जागेसाठी.

आता १९१० च्या व्हिएन्नात, हेरेनगासे रस्त्यावरच्या कॅफे सेंट्रलमध्ये या. या शहरात कॉफीघराचा परवाना योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याला १६८५ मध्येच मिळाला होता. सव्वादोनशे वर्षांत तुर्कांच्या काळ्या कॉफीचं इथे काय काय झालं, ते बघण्यासारखं आहे. उंच कमानींखाली संगमरवरी टेबलं, वेताच्या चौकटीत अडकवलेली वर्तमानपत्रं. लेखक पेटर आल्टेनबर्ग पत्रव्यवहारासाठी पत्ताच या कॅफेचा देतो. बुद्धिबळ खेळायला येणाऱ्यांत लिओन ट्रॉट्स्की नावाचा एक रशियन निर्वासितही असतो.

वेटरला नुसतं ‘एक कॉफी’ म्हणून भागत नाही. काळी? की ‘शाले गोल्ड’, दूध घालून सोनेरी केलेली? की ‘कापुत्सिनर’, कापुचिन साधूंच्या झग्याचा तपकिरी रंग येईल इतपतच क्रीम घातलेली? तुम्ही ‘आइनश्पेनर’ मागवा. काचेच्या पेल्यात कडक काळी कॉफी, वर फेटलेल्या क्रीमचा जाड थर. ढवळू नका. आधी ओठांना गार क्रीम लागतं, मग त्याच्याखालून कढत, कडू घोट येतो. ही टांगेवाल्यांची कॉफी मानली जाते: थंडीत गिऱ्हाइकाची वाट बघत बसावं लागे, तेव्हा क्रीमचं झाकण ती लवकर निवू देत नसे.

दूध इथे कॉफीचे दोष झाकायला घातलेलं नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन कॉफीतली तुरट द्रव्यं धरून ठेवतं, स्निग्धांश जिभेवर पसरतो, आणि तीच कडक कॉफी मवाळ होते. तबकात शेजारी पाण्याचा पेला येतो, त्यावर आडवा चमचा. पाणी संपलं की न मागता दुसरा पेला येतो. एका कॉफीवर अख्खी दुपार काढलीत तरी कुणी उठवणार नाही.

काळी तीच खरी कॉफी, दूध घातलं की ती बाटली, असं आज ठासून सांगितलं जातं. मला ते पटत नाही. लंडनची काळी कॉफी रीत आणि कर यांतून आली. व्हिएन्नाची सोनेरी कॉफी आली ती पिणाऱ्याला ‘तुम्हाला कशी हवी?’ असं विचारण्यातून. दोन्हीकडे माणसं जमली ती बसायला आणि बोलायला मिळतं म्हणून. तेव्हा दुधाची कॉफी मागताना ओशाळू नका, आणि काळी पिणाऱ्याला नावंही ठेवू नका. कॉफीघर पारखायचंच असेल तर दोनच गोष्टी बघा: तिथे कुणालाही बसता येतं का, आणि बसलेल्याला त्याची आवड विचारली जाते का.