न गायलेल्या ओळी

मारिया कॅलासनं रंगमंचावर सर्वांत जास्त वेळा गायलेली भूमिका नॉर्माची. तरी तिच्या अभिनयाचा विषय निघाला की उदाहरण येतं टोस्काचं, आणि त्याचं श्रेय कॅमेऱ्याला जातं. ती गात असलेला एकही ऑपेरा पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत चित्रित झालेला उपलब्ध नाही. १९५५ साली मिलानच्या ला स्कालात लुकिनो व्हिस्कोंतीनं बसवलेल्या ‘ला त्राव्हियाता’चं ध्वनिमुद्रण आहे, छायाचित्रं आहेत, हलतं चित्र नाही. पुचिनीच्या ‘टोस्का’चा दुसरा अंक मात्र दोनदा सापडतो. एकदा १९ डिसेंबर १९५८ला पॅरिसमध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत झालेल्या मदतनिधी कार्यक्रमाचा उत्तरार्ध म्हणून; आणि पुन्हा ९ फेब्रुवारी १९६४ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये, ब्रिटिश टेलिव्हिजनसाठी. दोन्ही वेळा समोर स्कार्पिया म्हणून तितो गोब्बी.

लंडनचा प्रयोग फ्रँको झेफिरेल्लीनं बसवलेला. कॅलास तेव्हा चाळिशीत पोचलेली आणि आवाज थकलेला. वरचे स्वर हेलकावतात, हे सांगायला जाणकार लागत नाही. टोस्काचा तिचा भरातला आवाज ऐकायचा तर १९५३चं, व्हिक्तोर दे साबातानं संचालित केलेलं ध्वनिमुद्रण काढावं. मीही तेच काढते. पण त्या ध्वनिमुद्रणात एक जागा अशी आहे जिथे कॅलास असून नसल्यासारखी आहे, आणि माझं कुतूहल त्या जागेचं आहे.

जून १८००, रोम. पोलीसप्रमुख स्कार्पियानं टोस्काच्या प्रियकराचा शेजारच्या खोलीत छळ चालवलाय. त्याच्या जिवाच्या बदल्यात त्याला टोस्का हवी आहे. ती होकार देते, आणि दोघांना शहराबाहेर जाऊ देणारा परवाना मागते. स्कार्पिया लिहायला बसतो. इथे वाद्यवृंद वाजत राहतो, गाणारं कुणी नाही. संहितेत या ठिकाणी बारीक टायपातली रंगसूचना आहे: टोस्का मेजाशी येते, थरथरत्या हातानं वाइनचा पेला उचलते, तो ओठांशी नेताना तिला मेजावरची सुरी दिसते, लिहिणाऱ्या स्कार्पियाकडे नजर ठेवून ती सुरी उचलते आणि पाठीमागे लपवते.

ऑपेराची उपशीर्षकं करणारा अनुवादक हा मजकूर ओलांडून पुढे जातो. त्याला गायल्या जाणाऱ्या ओळी हव्या असतात. म्हणून पडद्यावर खालची पट्टी इथे रिकामी राहते, आणि प्रेक्षकाची नजर पहिल्यांदाच अक्षरांवरून सुटते. (उपशीर्षकं वाचता वाचता आपण किती चेहरे गमावतो, याचा हिशेब कुणी करत नाही.) कॅलास तोच सूचनेतला मजकूर करते, अधिकचं काही नाही. तिचा हात सुरीपर्यंत जायला जो वेळ घेतो, तेवढ्यात बाई खून करायचं ठरवते हे आपल्याला दिसतं. १९५३च्या तबकडीत त्या जागी ऐकू येतात ती व्हायोलिनं.

या मुक्या प्रसंगाची वंशावळ नटीकडे जाते. पुचिनीच्या ऑपेराचा मूळ आधार म्हणजे व्हिक्तोरियें सार्दूनं १८८७ साली सारा बर्नहार्टसाठी लिहिलेलं फ्रेंच नाटक. पुचिनीला फ्रेंच फारसं येत नव्हतं, तरी बर्नहार्टला त्यात पाहून तो या कथेच्या मागे लागला. खुनानंतर टोस्का प्रेताच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवते आणि छातीवर क्रूस, तो भागही त्या नाटकातूनच आलेला. शब्द न कळता जे पोचलं, ते त्यानं ऑपेरात तसंच शब्दांवाचून ठेवलं. अनुवाद करून पोट भरणाऱ्या बाईला हे वाचून जरा अवघडल्यासारखं होतं, हे खरं.

दोन्ही चित्रणं एकापाठोपाठ पाहिली तर पॅरिसचं गाणं सरस वाटतं. तिथे पूर्वार्धात दागिने आणि संध्याकाळचा पोशाख घालून तिनं बेल्लिनी, व्हेर्दी, रोस्सिनी गायलंय, आणि उत्तरार्धात ही तारांकित गायिका अजून पुरती पुसली गेलेली नाही. पाच वर्षांनी लंडनमध्ये ती उरत नाही. ५ जुलै १९६५ला त्याच रंगमंचावर, त्याच ‘टोस्का’त कॅलास शेवटची उभी राहिली, त्यानंतर तिनं ऑपेरात भूमिका केली नाही. १९६९मध्ये पाझोलिनीनं तिला पूर्ण लांबीच्या चित्रपटात घेतलं. चित्रपट ‘मेदेआ’. केरुबिनीच्या ऑपेरातली मेदेआ ही तिची गाजलेली भूमिका, पण पाझोलिनीच्या चित्रपटात ती एकदाही गात नाही.