रक्तस्रावाचे प्रकार (प्रथमोपचार)

रक्तवाहिनीला इजा होऊन रक्त तिच्याबाहेर पडणे म्हणजे रक्तस्राव होय. प्रथमोपचारात त्याचे वर्गीकरण दोन प्रकारे करतात. रक्त शरीराबाहेर वाहते की आतच साचते यावरून बाह्य व अंतर्गत, आणि कोणती वाहिनी फुटली यावरून धमनीचा, शिरेचा व केशवाहिन्यांचा. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात साधारणपणे ५ लिटर रक्त असते, तर १० किलो वजनाच्या बालकात जेमतेम ८०० मिलिलिटर. त्यामुळे मोठ्या माणसाला फारसा न जाणवणारा स्राव लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

वाहिनीवरून ओळख

धमन्या (रोहिणी) हृदयाकडून निघालेले रक्त दाबाने वाहून नेतात. तुटलेल्या धमनीतून लालभडक रक्त नाडीच्या ठोक्याबरोबर चिळकांडीसारखे उडते. शिरांमधील (नीलांमधील) रक्तात प्राणवायू कमी व दाबही कमी असतो. ते काळपट लाल असून संथ, सलग वाहते. केशवाहिन्यांतील रक्त जखमेच्या पृष्ठभागावर पाझरते. खरचटलेला गुडघा हे त्याचे नेहमीचे उदाहरण. असा स्राव बहुधा काही मिनिटांत आपोआप थांबतो.

पाठ्यपुस्तकांतील ही विभागणी लक्षात ठेवायला सोपी असली, तरी अपघातस्थळी ती अनेकदा फसवते. खोल जखमेत धमनी फुटली असेल, तर चिळकांडी न उडता रक्त जखमेत भरून ओसंडते. पुष्कळ रक्त गेल्यावर रक्तदाब उतरतो आणि उसळीही मंदावते. स्राव आटोक्यात आला असा गैरसमज नेमका याच वेळी होतो. रात्री रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली लालभडक आणि काळपट यांतला फरक दिसत नाही. मोठ्या जखमेत तर तिन्ही प्रकारच्या वाहिन्या एकदम तुटलेल्या असतात. शिरेचा स्राव सौम्यच असतो, हेही खरे नाही. पायावरची फुगलेली शीर फुटून प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो, तर मानेच्या कापलेल्या शिरेतून हवा आत ओढली जाण्याचा धोका असतो.

म्हणून प्रथमोपचार करणाऱ्याने वाहिनीचे नाव ठरवत बसण्यापेक्षा स्रावाचा वेग आणि प्रमाण पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. रक्त उसळणे, जमिनीवर थारोळे साचणे, कपडे किंवा बांधलेली पट्टी भिजून जाणे, हात किंवा पाय तुटणे, जखमी व्यक्ती गोंधळलेली किंवा बेशुद्ध असणे ही जीवघेण्या रक्तस्रावाची लक्षणे मानली जातात. अमेरिकेत २०१५ साली सुरू झालेल्या ‘स्टॉप द ब्लीड’ मोहिमेत सामान्य नागरिकांना हीच लक्षणे शिकवली जातात. सांडलेल्या रक्ताचा अंदाज मात्र जपून करावा. गुळगुळीत फरशीवर थोडेसे रक्तही पसरून फार दिसते. उलट माती, गादी, साडीच्या निऱ्या किंवा जाड पँट यांत बरेच रक्त मुरून जाते. त्यामुळे पाठीखाली व कपड्यांच्या आतही हात फिरवून पाहणे आवश्यक असते.

अंतर्गत रक्तस्राव

हा ओळखण्यास सर्वांत कठीण आणि म्हणूनच सर्वाधिक दुर्लक्षित प्रकार आहे. मांडीचे हाड मोडल्यास बाहेर थेंबही न दिसता मांडीतच एक लिटर किंवा त्याहून अधिक रक्त साचू शकते. पोटावर मार बसल्यावर पोट ताठ होणे, दुखणे, फुगणे किंवा त्यावर निळसर डाग उमटणे ही संशयाची चिन्हे होत.

शरीराच्या छिद्रांतून येणारे रक्तही माहिती देते. खोकल्यातून येणारे लाल, फेसाळ रक्त फुप्फुसांतले असते. उलटीतील कॉफीच्या चोथ्यासारखा पदार्थ जठरातील रक्ताकडे, तर डांबरासारखी काळी, चिकट शौच वरच्या अन्नमार्गातील स्रावाकडे निर्देश करते (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते). डोक्याला मार लागल्यानंतर कानातून रक्तमिश्रित पातळ द्रव येत असेल, तर कवटीच्या तळाचा अस्थिभंग असू शकतो. अशा वेळी कानात कापूस कोंबू नये. घोणस किंवा फुरसे चावल्यानंतर हिरड्यांतून अथवा दंशाच्या जागेतून थांबता न थांबणारे रक्त हे विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडल्याचे चिन्ह आहे. येथे पट्टी आवळणे अपायकारक ठरते. तातडीने प्रतिविष मिळणे गरजेचे असते.

एकूण रक्ताच्या सुमारे १५ टक्क्यांपर्यंत हानी झाली, तर निरोगी प्रौढात फारसा बदल दिसत नाही. त्यापुढे नाडी जलद होते, हातपाय गार व ओलसर पडतात, तहान लागते, जीव घाबरा होतो. रक्तदाब बहुधा ३० टक्क्यांच्या पुढे स्पष्टपणे उतरतो, म्हणजे ते उशिराचे लक्षण आहे. सावळ्या त्वचेवर फिकटपणा चटकन दिसत नाही. त्यासाठी खालच्या पापणीची आतली बाजू, ओठ व तळहात पाहावेत.

ओळखीनंतरची कृती

बाह्य स्राव कोणताही असो, स्वच्छ कापडाने जखमेवर थेट व सलग दाब देणे हा पहिला उपाय आहे. कापड दर मिनिटाला उचलून पाहू नये. जखमेत वस्तू रुतली असल्यास ती न काढता तिच्या दोन्ही बाजूंनी दाबावे. हातापायांतील स्राव दाबाने थांबत नसेल, तर जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांधा टाळून, रुंद पट्टी (टूर्निके) आवळतात व वेळ लिहून ठेवतात. नाकातून रक्त येत असल्यास पुढे वाकून नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटे चिमटीत धरावा. मान मागे टाकल्याने रक्त घशात उतरते. हळद, चुना, तंबाखू किंवा चहापूड जखमेत भरण्याची पद्धत अजूनही आढळते. त्यामुळे जखम दूषित होते आणि डॉक्टरांना ती नीट तपासता येत नाही.

अंतर्गत रक्तस्राव घटनास्थळी थांबवता येत नाही. रुग्णाला आडवे निजवून उबदार ठेवावे, तोंडाने काही देऊ नये आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रस्ते अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४ अ नुसार दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण आहे, आणि स्वतःचे नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती करता येत नाही.