पंचाचे वाडगे आणि पेल्याचे चित्र

हल्ली बदलीच्या गावी सरकारी बंगल्यांतून शनिवारी सायंकाळी एक नवा विधी पाहावयास मिळतो. यजमान लिंबू पिळतो, पाक घालतो, मद्य मापून ओततो, बर्फासह हलवून गाळतो. परंतु पेला ओठांस लागण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेतले जाते. ज्येष्ठांना हा पोरखेळ वाटतो. आम्हांस मात्र त्यात एका जुन्या रिवाजाचे टोक दिसते, आणि तो रिवाज ह्याच देशाच्या किनाऱ्यावर वाढलेला आहे.

मिश्र मद्यास इंग्रजीत जुना शब्द ‘पंच’. पूर्व किनाऱ्यावरील पेट्टापोलीच्या वखारीत गेलेल्या १६३२ च्या एका पत्रात तो आढळतो. १६३८ साली सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो ह्या जर्मन प्रवाशाने इंग्रजांच्या वखारीत ‘पालेपुंट्स’ नावाचे पेय पाहिले : मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. पुढे डॉ. जॉन फ्रायर याने १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात स्पष्टच लिहिले, की हा शब्द हिंदुस्थानी ‘पाच’ असून पाच जिनसांवरून पडला. आणि त्यासाठी उत्तम अर्क गोव्याजवळच्या नेरूळचा. शिवरायांच्या राज्याभिषेकास गेलेल्या इंग्रज वकिलातीची हकीकत ज्या ग्रंथात येते, तोच हा ग्रंथ!

ही व्युत्पत्ती आपल्या अभिमानास सुखावणारी आहे, म्हणूनच ती जपून घ्यावी. मांडेल्स्लोच्या जिनसा मोजल्या तर चारच भरतात. शिवाय त्या काळी इंग्रज खलाशी त्या शब्दातील स्वर ‘उ’सारखा उच्चारीत, म्हणून काही कोशकार त्याचा संबंध मद्याच्या पिंपाच्या इंग्रजी नावाशी जोडतात. आमचा कल फ्रायरकडे आहे, पण निकाल लागला असे आम्ही म्हणणार नाही.

मात्र ‘पालेपुंट्स’चा पूर्वार्ध म्हणजे इंग्रजी ‘बोल’, वाडगे, हे बहुतेकांस मान्य आहे. पेयाच्या नावातच त्याचे पात्र आले! ते पात्र मेजाच्या मध्यभागी राही आणि सारी मंडळी त्याभोवती बसत. अठराव्या शतकात चीनमधून युरोपात जाणाऱ्या वाडग्यांवर कँटनच्या परदेशी वखारींची रंगीत चित्रे असत. हॉगार्थने १७३३ च्या आपल्या प्रसिद्ध चित्रात असेच वाडगे मधोमध ठेवून भोवतालच्या प्रतिष्ठितांची दुर्दशा रेखाटली आहे.

पुढे वाडगे गेले, एकेकट्याचा पेला आला. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका पत्राने ‘कॉकटेल’ची व्याख्या छापली : मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. पुन्हा चारच! अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा हे मिश्रण घराघरांत शिरले. मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्यानंतर आपल्याकडेही परवान्याचा कागद आधी आणि पेला मागाहून, हा क्रम अनेकांच्या अंगवळणी पडला.

आता त्या छायाचित्राविषयी. समोरून झोत टाकला की काचेवर डाग उमटतो आणि पेय गढूळ दिसते. पेला खिडकीशी ठेवून प्रकाश मागून, किंचित बाजूने येऊ द्यावा व पुढच्या अंगास पांढरा कागद धरावा. मग लिंबाचा रंग आतून उजळतो. बर्फ थांबत नाही, म्हणून कॅमेरा आधी सज्ज करावा, ओतणे नंतर. हे सारे उरकेपर्यंत पाहुणे भोवती ताटकळत उभे असतात, आणि सर्वांची दृष्टी एकाच पात्रावर खिळलेली असते.