फ्लॉरेन्स बॅस्कम आणि स्त्रियांचे भूविज्ञान-शिक्षण

प्रस्तावना

एखाद्या स्त्रीने विज्ञानाच्या क्षेत्रात प्रथम प्रवेश केला, की तिच्यामागून येणाऱ्या मुलींची वाट आपोआप सुकर होते, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकन भूवैज्ञानिक फ्लॉरेन्स बॅस्कम (१८६२–१९४५) यांच्या कार्याचा अभ्यास केल्यास हा समज अपुरा असल्याचे दिसून येते.

शिक्षण व संशोधन

बॅस्कम यांचे वडील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्याच विद्यापीठातून त्यांनी १८८७ मध्ये भूविज्ञानातील पदव्युत्तर पदवी संपादन केली. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांना विशेष बाब म्हणून प्रवेश मिळाला. मात्र पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्यांना पडद्याआड बसून व्याख्याने ऐकावी लागत. १८९३ मध्ये त्या विद्यापीठाने स्त्रीला दिलेली पहिली पीएच.डी. त्यांना प्राप्त झाली. साउथ माउंटन येथील ज्या खडकांना पूर्वी गाळाचे खडक मानले जाई, त्यांपैकी काही वस्तुतः रूपांतरित ज्वालामुखीय खडक आहेत, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने दाखवून दिले. १८९६ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात नियुक्त झालेल्या त्या पहिल्या स्त्री भूवैज्ञानिक होत.

ब्रिन मॉर येथील कार्य

१८९५ मध्ये बॅस्कम पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात रुजू झाल्या. तेथे भूविज्ञानाला आरंभी केवळ सामान ठेवण्याची जागा मिळाली होती. त्या जागेत त्यांनी खनिजे, खडक व जीवाश्म यांचा संग्रह जमवून प्रयोगशाळा उभारली. पुढे या विषयाचा दर्जा मुख्य विषयावरून ऐच्छिक विषयापर्यंत खाली आणण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांनी राजीनाम्याचा इशारा दिला आणि विषयाचे स्थान टिकले. ऐच्छिक विषयातून सामान्य ज्ञान मिळाले असते, व्यावसायिक भूवैज्ञानिक मात्र घडले नसते. विद्यार्थिनींना त्या क्षेत्रभेटींना नेत व काटेकोर नोंदींचा आग्रह धरीत. १९२८ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी अध्यापन केले. आयडा ओगिल्व्ही, एलिनोरा ब्लिस नॉफ, ॲना जोनास स्टोस व ज्युलिया गार्डनर या त्यांच्या विद्यार्थिनी पुढे नामवंत झाल्या. ओगिल्व्ही यांनी बर्नार्ड महाविद्यालयात भूविज्ञान विभाग स्थापन केला. १९३७ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या ११ स्त्री-सदस्यांपैकी ८ जणी ब्रिन मॉरच्या पदवीधर होत्या.

समारोप

जॉन्स हॉपकिन्सची पदवी हे बॅस्कम यांचे वैयक्तिक यश होते. तथापि त्या पदवीने इतर मुलींसाठी प्रयोगशाळा किंवा अभ्यासक्रम निर्माण झाला नाही. ते कार्य तीन दशकांच्या अध्यापनातून व विभागाच्या रक्षणातून घडले. विद्यार्थिनींना विज्ञानाकडे वळवू इच्छिणाऱ्या अध्यापकांनी यातून एक बोध घ्यावा: प्रोत्साहनपर भाषणांइतकीच पूर्ण दर्जाचा अभ्यासक्रम, सुसज्ज प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्य यांची तरतूद आवश्यक असते, आणि प्रसंगी तिच्यासाठी अध्यापकालाच ठाम उभे राहावे लागते.