अळीच्या अंगातले स्फटिक

नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हार ते राहुरी या पट्ट्यात रब्बीचा हरभरा घाट्यांवर आला की घाटे अळीही येते. कधी कधी तीच अळी झाडाच्या शेंड्याला मागच्या पायांनी उलटी लोंबकळून मेलेली सापडते. अंग काळपट, पिलपिलीत. बोट लागताच कातडी फाटून पांढुरकं पाणी ओघळतं. त्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन ४०० पट मोठा करून पाहिला, तर चकचकीत, कोनदार कणांची दाटी दिसते. अळी विषाणूनं मेल्याची ही खूण.

ती प्रथम सापडली रेशीमकिड्यात. १८५६ मध्ये इटलीत माएस्त्री आणि कोर्नालिया यांनी ग्रासेरी रोगानं सुजलेल्या किड्यांत हे स्फटिक पाहिले. हे रोगाचं मूळ की नुसता परिणाम, हा वाद बरीच वर्षं चालला. पुढे बोले यांनी दाखवलं, की किड्याच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतात. १९४७ मध्ये जर्मनीत बर्गोल्ड यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या विषाणूच्या कांड्या दिसल्या. कण म्हणजे प्रथिनाची पेटी, विषाणू तिच्या आत.

निदानाची सोय इथेच आहे. सुटा विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही, पेटी दिसते. चरबीचे थेंबही तसेच चमकतात, म्हणून सुदान रंग घालून बघतात: चरबी रंगते, हे कण रंगत नाहीत, सौम्य अल्कलीत मात्र विरघळून जातात. रेबीजने मेलेल्या प्राण्यांच्या मेंदूत नेग्री यांना १९०३ मध्ये दिसलेले गोळे अशीच खूण ठरले, पण ते दिसले नाहीत म्हणून रेबीज नव्हता असं म्हणता येत नाही.

घाटे अळीच्या बाबतीत तर रोगाची खूण औषधाचं मापच बनली. रोगट अळ्या वाटून, गाळून एचएएनपीव्ही हे विषाणूचं फवारणीचं औषध तयार करतात आणि रक्तपेशी मोजायच्या चौकटीच्या काचेवर कण मोजतात. ६०० कोटी कण म्हणजे १ एलई, एका रोगट अळीइतका माल. हरभऱ्यावर हेक्टरी ५०० एलईची शिफारस असते, म्हणजे ३ लाख कोटी कण! बाटली घेताना शेतकऱ्यानं आधी हा आकडा वाचावा, मिलिलिटर नंतर.

मधमाशीला हा विषाणू बाधत नाही. त्याला सोसत नाही ते ऊन, म्हणून फवारणी संध्याकाळी करतात आणि पंपात राणीपाल ही कपडे उजळवायची पूड टाकतात. पानाबरोबर कण पोटात गेले, की लहान अळी साधारण आठवड्याभरात शेंड्याला लटकते. मोठ्या अळीला जास्त मात्रा लागते, त्यामुळे अंडी आणि बारीक अळ्या दिसताच पंप काढावा लागतो.